नसलेला दाणा

रमत गान, १९ जानेवारी २०१७

मेनाशे,

आई चालली आहे. हे वाक्य मी आधी पत्राच्या शेवटी ठेवलं होतं. मग लक्षात आलं, तू शेवटापर्यंत वाचशील याला काही पुरावा नाही. म्हणून वर आणून बसवलं.

ईमेल केला असता, पण गेल्या दोन ईमेलांना तुझ्या विद्यापीठाच्या यंत्रानं परस्पर उत्तर दिलं, की डॉ. सहायिक सध्या उपलब्ध नाहीत. बावीस वर्षं नाहीत, हे त्या यंत्राला कोण सांगणार. कागदाचं बरं असतं. फाडायचा तरी आधी हातात घ्यावा लागतो. आपल्या टपालखात्याची चाल बघता हे पत्र चाळीस वर्षं वाळवंटात फिरून मग कॅनडात, विनिपेगला पोचेल, तो भाग वेगळा.

आईला काय झालंय म्हणून डॉक्टरला विचारलं, तर म्हणाला, "पंच्याऐंशी."

मी म्हटलं, "हे वय झालं. आजार सांगा."

"ओसनातबाई, तुमच्याशी वाद घालायला मला अर्धा तास लागेल आणि बाहेर अकरा माणसं बसलीत."

विसरायला लागून तिला तीन वर्षं झाली. आधी किल्ल्या गेल्या, मग शेजारणींची नावं, मग बाबा गेल्याचं गेलं. दर आठवड्याला ती बाबांना शोधायची, दर आठवड्याला मी तिला नव्यानं विधवा करायची. शेवटी मी आणि रोवेनानं ठरवलं, बाबा प्रार्थनाघरात गेलेत असं सांगायचं. नऊ वर्षं चाललेली प्रार्थना, पण बाबांच्या बाबतीत तिला ते सहज पटतं.

रोवेना म्हणजे फिलिपिन्सची बाई, रात्रंदिवस आईजवळ असते. तिला मी आपला सगळा प्रकार समजावून सांगितला, कारण गेल्या महिन्यापासून घरात रोज वल्हांडणाची रात्र आहे. दिवेलागणीला आई उठते, दाराशी खुर्ची ओढते आणि म्हणते, "मेनाशे बाहेर उभा आहे. गाठोडं घेऊन. अजून ठोठावलं कसं नाही यानं?"

रोवेनाला सांगितलं ते असं. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, गुलामीतले पूर्वज सुटले, त्याची ही रात्र. आम्हा बगदादकर यहुद्यांना पोथी नुसती वाचून भागत नाही, करून दाखवावं लागतं. घरातल्या धाकट्यानं बिनखमिराच्या भाकरीचं गाठोडं खांद्यावर टाकून जिन्यात जायचं आणि दार ठोठावायचं. आतून विचारायचं, कुठून आलास? मिसरहून. कुठं निघालास? यरुशलेमला. खांद्यावर काय? भाकरी. मग दार उघडायचं, आणि मगच सगळ्यांनी जेवायचं.

रोवेना विचार करून म्हणाली, "मॅडम, म्हणजे दर वर्षी निघतात? अजून पोचले नाहीत?"

मी नगरपालिकेत तक्रारींच्या खिडकीवर पंचवीस वर्षं बसते आहे. इतकी रास्त तक्रार माझ्याकडे आली नव्हती.

तर अडचण अशी. धाकटा बाहेर असताना घरात कुणी घास घेत नाही. आई बाकी सगळं विसरली, हा नियम तेवढा पाठ राहिला. ती जेवत नाही. सकाळी फसवून दोन चमचे पेज जाते, संध्याकाळी तोंड मिटलेलं. डॉक्टर म्हणतो, असं फार दिवस चालत नाही.

आम्ही ठोठावून पाहिलं. मी ठोठावलं, रोवेनानं ठोठावलं, खालचा नळवाला ठोठावून गेला. प्रत्येकानं "मिसरहून" म्हटलं. नळवाल्याला ती म्हणाली, "मिसरहून आलायस तर इतका वेळ का लागला? सिंक तुंबून आठवडा झाला." बाकी कुणाला तिनं आत घेतलं नाही. तिला तू हवा आहेस.

ये. नाहीतर फोन कर. दाराबाहेरून तीन उत्तरं द्यायची आहेत. त्यातलं पहिलं तुझ्या घशात अडकतं हे मला ठाऊक आहे.

ओसनात


रमत गान, १२ फेब्रुवारी

मेनाशे,

तुझा ईमेल मिळाला. दोन वाक्यं. "जे नाही ते आहे असं मी म्हणणार नाही. तिला तर मुळीच नाही." बावीस वर्षांनी भाऊ बोलला आणि काय बोलला, तर तळटीप.

त्या रात्रीबद्दल मी कधी कुणाला सांगत नाही, कारण ऐकणारे हसतात. मलाही हसू आलं असतं, घर दुसऱ्याचं असतं तर.

तू तीस वर्षांचा घोडा, पण घरात धाकटा तूच, म्हणून गाठोडं तुझ्याच खांद्यावर. त्याच्या आधी सहा वर्षं तू एका तळघरात काढली होतीस. सिनाईचं वाळवंट मिसरला परत देण्याआधी आपल्या लोकांनी तिथून खापरं गोळा करून आणली होती, त्यांची खोकी. कादेशचं ते पाण्याचं ठिकाण, जिथं म्हणे मिसरहून सुटलेली सगळी प्रजा वर्षानुवर्षं तळ ठोकून बसली होती. तू एकेक खापर उचललंस, कड बघितलीस, माती बघितलीस, बाजूला ठेवलंस. त्या काळाचं एकही निघालं नाही. निघालं ते राजांच्या काळातल्या एका गढीचं, काही शतकं नंतरचं. लाखो माणसं एवढी वर्षं बसली आणि एक माठ फुटला नाही. मी तेव्हा म्हटलं होतं, आपली बायकामाणसं तिथं असती तर पहिल्याच आठवड्यात ढीग लागला असता.

हे तू प्रबंधात लिहिलंस तोवर ठीक होतं. प्रबंध कोण वाचतो. पण सणाच्या तोंडावर एका वर्तमानपत्राच्या पुरवणीनं तुझा फोटो छापला. प्रार्थनाघरात बाबांच्या शेजारची जागा आठवडाभर मोकळी राहिली. बाबा घरी येऊन बूट काढायचे आणि काढलेले बूट बघत बसायचे.

आणि मग ती रात्र. दारामागून बाबांनी विचारलं, "कुठून आलास?"

तू म्हणालास, "मिसरहून आल्याचा पुरावा नाही, बाबा. रमत गानहूनच आलोय. भूक लागलीय."

खातूनमावशी हसली. मला वाटलं, बाबाही हसतील. भूक लागलीय म्हटल्यावर कुठला बाप हसत नाही. बाबा म्हणाले, "मग हे दार तुझं नव्हे," आणि कडी घातली. जिन्यात तुझी पावलं कितीतरी वेळ वाजलीच नाहीत. तू उभा होतास. आम्ही बसलो होतो. मध्ये लाकूड होतं, दोन बोटं जाडीचं. सकाळी गाठोडं दाराच्या मुठीला टांगलेलं दिसलं.

आई काय म्हणाली असं तुला कधी विचारावंसं वाटलं असेल. तिनं काय केलं ते सांगते. भाताचं पातेलं टेबलावरून उचलून पुन्हा मंद आचेवर ठेवलं. पहाटेपर्यंत ते तिथंच होतं. भात तळाला लागला होता. ती रात्र तिच्यापुरती अजून संपलेली नाही, एवढंच झालंय. हा विसरण्याचा रोग म्हणायचा की आठवणीचा, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही.

बाबा आता नाहीत. कडीवर कुणाचा हात नाही. गेले तेव्हा तू फुलं पाठवलीस; आपल्यात थडग्यावर दगड ठेवतात हे तू विसरलास, की मुद्दाम पाठवलीस, कोण जाणे. मी ती तक्रारींच्या खिडकीत ठेवली. लोक आठवडाभर गोड बोलत होते.

ओसनात


रमत गान, २७ फेब्रुवारी

मेनाशे,

तुला पुरावा लागतो ना, मग मी शोधते. माझ्याकडे संध्याकाळ असते आणि आई जेवत नाही तोवर मलाही जेवण जात नाही. तेवढीच माझी पात्रता.

आधी रोवेनाच्या आग्रहानं एका व्याख्यानाला गेलो. पांढऱ्या बुटांचा एक गृहस्थ पडद्यावर तांबड्या समुद्राच्या तळाची चित्रं दाखवत होता. पोवळ्यांत गोल काहीतरी. म्हणे आपल्या मागावर समुद्रात शिरून बुडालेल्या फारो राजाच्या रथाचं चाक.

मी विचारलं, "चाक आता कुठं आहे?"

"समुद्रातच."

"वर का नाही आणलं?"

"सरकार परवानगी देत नाही, बाई."

"कुठलं सरकार?"

"सगळीच."

शेजारी रोवेना डोळे पुसत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "मॅडम, तुम्ही प्रश्न विचारलात म्हणून चाक लहान झालं. आधी मोठं होतं." तू आणि बाबा यांच्यात काय घडलं, ते मला इतक्या थोडक्यात कधी मांडता आलं नव्हतं.

मग वाचनालयात बसले. फारोचा एक दगड आहे, तुला ठाऊकच आहे, पण मला नव्हता. जगात आपलं नाव पहिल्यांदा कोरलेलं सापडतं ते त्यावर. मी आनंदानं पुढं वाचायला गेले. लिहिलंय, "इस्राएल उजाड झाला, त्याचं बीज उरलं नाही." म्हणजे आपला पहिला उल्लेख हीच आपली मृत्युवार्ता. त्यातही आपण तेव्हा मिसरात नव्हतोच, इकडे कनानात होतो. त्या दिवशी मी पुस्तक परत करून घरी आले.

दुसऱ्या दिवशी विटा, पोथीत आपले पूर्वज फारोसाठी पाडतात त्या. एका कातड्याच्या गुंडाळीवर कुणी किती विटा पाडायच्या होत्या आणि किती कमी भरल्या हे लिहिलंय. पण पाडणारे आपले होते असं त्यात नाही. मुकादम जगभर एकाच जातीचे असतात, एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

शेवटी माझ्या धंद्यातला पुरावा देते. रानात निघालेल्या या लोकांनी त्यांना सोडवून आणणाऱ्या मोशेच्या नावानं काय रडगाणं लावलं, आठव. मिसरात आम्हाला मासे मिळायचे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. अरे, समुद्र दुभंगला हे कुणीही रचेल. पण दुभंगलेल्या समुद्रातून कोरड्या पायांनी चालत आल्यावर काकडी नाही म्हणून रडणारा माणूस रचता येत नाही. तो मी रोज खिडकीत बघते. आणि स्वतःचे आजेपणजे गुलाम होते असं जगात कोण हौसेनं सांगतं? आपल्या सोसायटीत प्रत्येकाचा आजा बगदादच्या वजिराचा खासगी सल्लागार होता. एकही हमाल नव्हता. मग बगदादमध्ये गोणी कोण उचलत होतं?

यावर तू काय म्हणशील ते मला ऐकू येतंय. तरी लिही.

आई काल अर्धी वाटी प्यायली आणि ओकली.

ओसनात


रमत गान, १५ मार्च

मेनाशे,

"तक्रार हा घटनेचा पुरावा नव्हे, तक्रार करणाऱ्याचा पुरावा आहे." सुंदर वाक्य. कचेरीत भिंतीवर लावीन.

आता मी तुला काही पटवणार नाही. आई अंथरुणातून दारापर्यंत चालत जायची, ती आता रोवेनाच्या आणि माझ्या खांद्यावरून जाते. वजन काहीच नाही. रोवेना म्हणते, माझ्या गावी धान्य संपलेली पोती अशी उचलतात.

दिवसभर मात्र मांडीवर ताट घेऊन बसते, तांदूळ निवडत. सणाचा तांदूळ तीनदा निवडायचा, त्यात गव्हाचा एक दाणा राहता कामा नये, हे तिच्या बोटांना डोक्याशिवाय जमतं. निवडून झालं की रोवेना तोच तांदूळ पुन्हा ताटात ओतते. परवा मी शेजारी बसले होते. तिला खरंच एक गहू सापडला. तिनं तो बशीत ठेवला, बशी माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "मेनाशेला दाखव."

तुला आठवतं का? तू सहासात वर्षांचा असशील. तासभर निवडून तुझ्या ताटात काही निघेना, आणि माझ्यात दोन निघाले होते. मग तू डब्यातून एक गहू आणून हळूच टाकलास आणि ओरडलास, सापडला. आईनं तुझ्या हाताला धरलं. मारलं नाही. म्हणाली, "असलेला दाणा लपवायचा नाही. नसलेला दाखवायचा नाही. एवढं जमलं तर बाकी सगळं देव माफ करतो." लोक म्हणतात, विद्यापीठात जाऊन पोर बिघडलं. तुझं विद्यापीठ त्या ताटात होतं.

आता माझा शेवटचा कागद. याच्यापुढं माझ्याकडे काही नाही.

रामसेस फारोच्या नातवाच्या काळातलं एक पत्र आहे. सरहद्दीवरच्या एका अधिकाऱ्यानं दुसऱ्याला लिहिलेलं. राजवाड्यातून दोन गुलाम पळालेत आणि हा त्यांच्या मागावर निघालाय. एका ठाण्यावर पोचतो, तर म्हणतात, पुढं गेले. पुढच्या गढीवर पोचतो, तर म्हणतात, मिग्दोलच्या उत्तरेला तटबंदी ओलांडून गेले. म्हणजे रानात, आपल्या वाटेनं. मग तो लिहितो, माझं पत्र पोचल्यावर त्यांचं काय झालं ते सगळं मला लिहा. त्यांचा माग कुणाला लागला? कोणत्या पहाऱ्याला लागला? त्यांच्यामागं किती माणसं धाडलीत?

या पत्राचं उत्तर सापडलेलं नाही. मी पुस्तकात पान उलटून पाहिलं, छापायचं राहिलं असेल म्हणून.

दोन माणसं, मेनाशे. ती आपली होती असं कुठं लिहिलेलं नाही, मी म्हणतही नाही. पण दोन माणसं मिसरातून निसटली आणि धरली गेल्याचं कुठं लिहिलेलं नाही. समज, पोचली कुठल्या तरी डोंगरावर. बायका केल्या, मुलं झाली. मुलांना सांगितलं, आम्ही दोघं रातोरात पळालो. मुलांनी आपल्या मुलांना सांगितलं, आमचे बाप, काका, सगळे. आणखी चार पिढ्यांनी सहा लाख. तुला सहा लाखांना मिसरहून आणायचं नाही. तुला एकच माणूस आणायचा आहे, जिन्यातून आत.

तू त्या दोघांतला एक आहेस असं समज. मागावर मी आहे. तुझं काय झालं ते सगळं मला लिही.

ओसनात


रमत गान, ३० मार्च

मेनाशे,

वाचलं. पुन्हा वाचलं. मग नगरपालिकेच्या शौचालयात जाऊन बसले, कारण खिडकीत रडलं तर लोकांना वाटतं, तक्रार मंजूर झाली.

नोव्हेंबरात तुझी छाती उघडून झडप बदलली, आणि आम्हाला ते यंत्र सांगतं की डॉक्टर उपलब्ध नाहीत. विमानात बसायची अजून बंदी आहे, हेही तू तिसऱ्या ओळीत लिहितोस, जसं काही हवामान. सहायिक घराण्यात दुखणं सांगायची लाज वाटते आणि मत सांगायची वाटत नाही.

म्हणतोस की फोनवर म्हणेन. तिन्ही उत्तरं. पुराव्याबद्दल एक शब्द लिहिला नाहीस, दोघा गुलामांबद्दलही नाही. मीही विचारत नाही.

तर ऐक. सण सोमवारी दहा एप्रिलला बसतो. आमच्याकडे सात वाजता फोन कर. तुमच्याकडे दुपारचे अकरा असतील. मी गाठोडं घेऊन जिन्यात उभी असेन, फोन दाराला लावून. आई आतून विचारेल. अरबीतून बोल, हिब्रूतून नको. घसा साफ करून ठेव. "मिसरहून" म्हटल्यावर थांबू नकोस, काही जोडू नकोस, तुझा तो "बहुधा" चुकूनही नको. भाकरी म्हणालास की लगेच फोन ठेवून दे. दार उघडल्यावर माझ्या हातातून तुझा आवाज यायला लागला तर ती घाबरेल. पुढचं आम्ही बघतो. मेनाशे हात धुवायला गेला म्हणायचं, आणि तेवढ्यात घास भरवायचा.

रोवेनानं तबीत शिकून घेतलंय. कोंबडीच्या पोटात भात भरताना म्हणते, तुमच्या देवाला माणसांना उपाशी ठेवायला आवडतं, पण जेवण चांगलं देतो.

खजुराचा पाक मी आणला. अक्रोड तू फोडायचास. या वेळी फोडलेले घेतले.

तुझी ओसनात


११ एप्रिल. हे पत्र मी टाकणार नाही.

मेनाशे,

तू बरोबर सात वाजता फोन केलास. तुझ्या श्वासाचा आवाज आधी आला. मी म्हटलं, तयार? तू म्हणालास, ठोठाव.

मी ठोठावलं. आत खुर्ची सरकली. रोवेना तिला धरून आणत होती, सपाता घासत येत होत्या. दाराला कान लावला तर आईचाही श्वास ऐकू आला. दोन्ही श्वास माझ्या एकाच कानाशी.

"कुठून आलास?"

"मिसरहून, उम्मी."

थांबला नाहीस. जोडलं नाहीस. तुझा आवाज दहा वर्षांच्या पोराचा झाला होता. कडी वाजली, म्हणजे तिनं हात ठेवला होता. मग कडीचा आवाज थांबला.

"कुठं निघालास?"

"यरुशलेमला."

"खांद्यावर काय?"

"भाकरी."

आणि सांगितल्याप्रमाणं तू फोन ठेवलास. त्या एका गोष्टीसाठी देव असला तर त्याचे आभार.

आत ती रोवेनाला म्हणाली, "दुसरंच कुणी आहे."

"मेनाशे आहे, उम्मी. तुमचा मेनाशे. आवाज ऐकला ना?"

"आवाज त्याचाच काढतोय. पण हा माझा नव्हे. माझा मेनाशे नसलेला दाणा दाखवत नाही. तो म्हणेल, इथूनच आलोय, भूक लागलीय."

रोवेना काहीबाही बोलत राहिली. आई म्हणाली, "वाट चुकलेला असेल बिचारा. सणाची रात्र आहे. त्याला भाकरी दे आणि सांग, घर चुकलास."

दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून तिचा हात आला, हातात भाकरी. पंचावन्न वर्षांची मी, खांद्यावर गाठोडं, जिन्यातल्या दिव्याखाली. मी ती घेतली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, भिकाऱ्याला हलवतात तशी, आणि दार लावलं.

रोवेनानं मागच्या दारानं मला आत घेतलं तेव्हा आई पुन्हा खुर्चीत बसली होती, दाराकडे तोंड करून. मी गुडघ्यावर बसून घास पुढं केला. तिनं ओठ मिटले. म्हणाली, "धाकटा बाहेर आहे, बाई. तुमच्या घरात जेवत असतील असे."

कोंबडी तशीच राहिली. रोवेना म्हणाली, "मॅडम, परत फोन करा. सांगा, खरं बोल." मी फोन हातात घेतला. मेनाशे, तीन महिने लागले तुला खोटं बोलायला शिकवायला. त्यासाठी मी फारोच्या विटा मोजल्या. ते एकदाच जमलं तुला, आयुष्यात एकदा, तिच्यासाठी. आता तुला काय सांगू? की बावीस वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते उत्तर तू पहिल्याच रात्री दिलं होतंस?

फोन लावला नाही. तुझ्या नव्या झडपेचं कारण मी स्वतःला दिलं. ते कारण खरं आहे की नाही, याचा पुरावा नाही.


रमत गान, २३ एप्रिल

मेनाशे,

निरोप मिळाला असेल. सण संपला त्याच्या दुसऱ्या सकाळी गेली. सणात शोकाचे दिवस पाळता येत नाहीत, ती गैरसोय तिनं आमची होऊ दिली नाही. बाबांच्या शेजारी जागा होती, तिथं ठेवली. तुझ्या नावानं मी एक दगड ठेवला. चांगला बघून निवडला.

घरात आरसे झाकलेत, आम्ही जमिनीलगत बसतो, लोक उकडलेली अंडी घेऊन येतात. खातूनमावशी आली होती. तिला आता ऐकू येत नाही, त्यामुळं सगळ्यांना तिचा सहवास आवडतो. रोवेना कोपऱ्यात बसून तांदूळ निवडते. नको म्हटलं तरी निवडते.

तुझा ईमेल पाहिला. एकच ओळ, "दार उघडलं का?"

उघडलं.

सांगते, नीट वाच. तू भाकरी म्हणालास आणि कडी निघाली. दार सताड उघडलं. तिनं तुझं नाव घेतलं, रोवेनानंही ऐकलं. म्हणाली, केवढा वेळ लावलास, हात धू. मग टेबलाशी येऊन बसली. जेवली. दोन घास भात घेतला. दोन नाही, वाटीभर. कोंबडीचाही तुकडा घेतला, आणि पाकात बुडवून भाकरी. तुझं ताट मांडून ठेव म्हणाली, ते शेवटपर्यंत मांडलेलं होतं. त्या रात्री खुर्ची दारापासून हलली आणि पुन्हा तिथं गेली नाही. शांत झोपली.

पुरावा मागू नकोस. मी तिथं होते.

आणि कुणी कधी विचारलं, तर असंच सांग.

तुझी ओसनात